ख्रिस्ती, ॲगाथा

(१५ सप्टेंबर १८९० – १२ जानेवारी १९७६). इंग्लिश रहस्यकथालेखिका. माहेरचे नाव ॲगाथा मेरी क्लॅरिसा मिलर. जन्म डेव्हनमधील टॉर्की येथे. ६६ रहस्यकादंबऱ्या, अनेक कथासंग्रह व नाटके. शिवाय मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने सहा कादंबऱ्या. १९१४ मध्ये आर्चिबाल्ड ख्रिस्तीशी विवाह, १९२८ मध्ये घटस्फोट. १९३० मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवनशी दुसरा विवाह. १९७१ मध्ये ‘डेम’ हा किताब.

औषधालय : पहिल्या महायुद्धात तिने टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून आणि पुढे औषधालयात काम केले. १९१७ मध्ये ती औषधे बनवण्याची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्या रहस्यलेखनाचे मूळ या कामात आहे. ज्याच्या हाताखाली ती शिकत होती, त्या औषधविक्रेत्याची एकदा दशांशचिन्हात चूक होऊन औषधाचे प्रमाण दसपट झाले. अनुभवी माणसाला चूक कशी दाखवावी, हे त्या नवशिक्या मुलीला कळेना. तेव्हा तिने अडखळल्याचे निमित्त करून तयार गुटिकांची फळी पाडली आणि त्या पायाखाली तुडवल्या. हाच गृहस्थ खिशात क्युरारी हे विष बाळगी. ‘द पेल हॉर्स’ (१९६१) लिहिताना तो तिच्या डोळ्यांपुढे होता. याच कादंबरीत थॅलियमच्या विषबाधेची लक्षणे आहेत. १९७७ मध्ये कतारहून लंडनला आणलेल्या एका बाळाचे निदान डॉक्टरांना होत नव्हते. ही कादंबरी वाचत असलेल्या परिचारिकेने ती लक्षणे ओळखली आणि बाळ वाचले.

पहिली कादंबरी ‘द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ (१९२०) औषधालयातल्या रिकाम्या वेळेत सुचली आणि डार्टमूरच्या एका हॉटेलात पुरी झाली. सकाळभर लेखन, दुपारी माळावर एकटीने संवाद मोठ्याने म्हणत फिरणे, असा तिथला क्रम होता. स्ट्रिक्निनच्या औषधात ब्रोमाइड पडले की विष तळाशी साचते आणि शेवटचा डोस जीव घेतो, या माहितीवर कथानक उभे आहे. अनेक प्रकाशकांनी नाकारलेल्या या पुस्तकाचे तिच्या हाती २५ पौंड आले. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने विषांच्या अचूक वर्णनाबद्दल केलेली स्तुती मात्र तिला फार मोलाची वाटली.

डिसेंबर १९२६ मध्ये ती अकरा दिवस बेपत्ता होती. हॅरोगेटच्या हॉटेलात सापडली. कारणांबाबत चरित्रकारांत एकमत नाही. आत्मचरित्रात या प्रसंगाचा उल्लेख नाही.

लेखनाची रीत : लिहिण्याची स्वतंत्र खोली तिला बरीच वर्षे नव्हती. जेवणाचे टेबल किंवा झोपण्याच्या खोलीतले तोंड धुण्याचे संगमरवरी टेबल आणि टंकलेखनयंत्र एवढ्यावर काम भागे. घटस्फोटाच्या सुमारास ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ (१९२८) मनाविरुद्ध, केवळ पैशाच्या गरजेपोटी लिहावी लागली. तेव्हापासून आपण हौशी न राहता धंदेवाईक झालो, असे तिने नोंदवले आहे. कच्च्या टिपणांच्या ७३ वह्या मागे राहिल्या. त्यांत खुनांच्या युक्त्यांशेजारी घरखर्चाच्या आणि सामानाच्या याद्याही आहेत.

वेस्टमॅकॉट कादंबऱ्या : ‘जायंट्स ब्रेड’ (१९३०) ते ‘द बर्डन’ (१९५६). यांना प्रणयकथा म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्यांत फसलेली लग्ने आणि मायलेकींमधले ताण आहेत. ‘ॲबसेंट इन द स्प्रिंग’ (१९४४) तिने तीन दिवसांत लिहिली : पहिल्या प्रकरणानंतर लगेच शेवटचे, मग मधली. वाळवंटातल्या विश्रामगृहात अडकलेली एक सुखवस्तू बाई आपले आयुष्य तपासू लागते, एवढेच कथानक. दुसऱ्या महायुद्धातही ख्रिस्ती लंडनच्या रुग्णालयात औषधे देत होती. धागा तुटू नये म्हणून या पुस्तकासाठी एक दिवस तिने कामावर दांडी मारली. रहस्यकथांच्या प्रसिद्धीमुळे हे पुस्तक झाकले गेले, पण तिच्या उत्तम लेखनात त्याची गणना झाली पाहिजे. हे टोपणनाव १९४९ मध्ये उघड झाले.

उत्खनने : मॅलोवनबरोबर इराक व सीरियात अनेक हंगाम. निमरूद येथे सापडलेले हस्तिदंती नक्षीकाम तिने चेहऱ्याला लावायच्या क्रीमने आणि विणकामाच्या बारीक सुईने स्वच्छ केले. तिथल्याच छोट्या खोलीत १९५० मध्ये आत्मचरित्रास आरंभ. प्रकाशन मरणोत्तर, १९७७.

नाटके : ‘द माऊसट्रॅप’, लंडन, २५ नोव्हेंबर १९५२ पासून, करोनाकाळातला खंड वगळता चालू.

भारतीय रूपांतरे : ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ या नाटकावर बी. आर. चोप्रांचा हिंदी चित्रपट ‘धुंद’ (१९७३). अनेक कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद उपलब्ध.