तळटीप १४ : व्हान एस्टरेन

१४. कोर्नेलिस व्हान एस्टरेन (१८९७–१९८८) : डच वास्तुविशारद व नगररचनाकार. मूळ लेखात त्याचा उल्लेख ओझरता आहे. पण अमूर्त चित्रकला आणि नगररचना यांचा सांधा इतका उघडपणे क्वचितच दिसतो. १९२३ साली ‘डे स्टाइल’ गटाचा प्रवर्तक, चित्रकार थिओ व्हान डूसबुर्ख याच्यासोबत त्याने पॅरिसमध्ये घरांचे आराखडे व प्रतिकृती मांडल्या. त्यांत भिंती म्हणजे लाल, निळे, पिवळे सुटे पृष्ठभाग होते. बंद खोलीची कल्पनाच दोघांनी मोडीत काढली. १९२९ पासून अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगररचना विभागात काम करताना हीच दृष्टी त्याने शहराला लावली. १९३५ साली मंजूर झालेल्या विस्तार आराखड्यात चारी बाजूंनी बंद वस्त्यांऐवजी हिरवळीत मोकळ्या सोडलेल्या इमारतींच्या ओळींवर भर आहे. मात्र ही निव्वळ चित्रकाराची हौस नव्हे. सहकारी व्हान लोहाउझेन याने पाहण्या करून भावी लोकसंख्येचे अंदाज बांधले आणि घरे, उद्याने यांचे प्रमाण त्यांवरून ठरले. स्लोटरमेरसारख्या वसाहती प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. — संपा.