पापक्षमा आणि नियमशास्त्र : विटेनबर्ग येथील एक वाद

पापांची क्षमा सत्कृत्यांनी नव्हे, तर केवळ श्रद्धेने लाभते, असे मार्टिन ल्यूथर याने १५२० मध्ये ‘ख्रिस्ती मनुष्याचे स्वातंत्र्य’ या निबंधात प्रतिपादिले. मग दहा आज्ञांचे प्रयोजन काय? १५३७ मध्ये त्याचाच शिष्य योहान आग्रिकोला म्हणू लागला की, पश्चात्तापही शुभवर्तमानातूनच उपजतो. त्यासाठी नियमशास्त्राच्या उपदेशाची आवश्यकता नाही. ल्यूथरने याचे खंडन केले. आज्ञा ऐकविल्याच नाहीत तर पाप कळावे कसे, आणि पापाची जाणीवच नसेल तर क्षमेला अर्थ कोणता, हा त्याचा मुद्दा होता. १५४० मध्ये आग्रिकोला बर्लिनला गेला. १५७७ च्या ऐक्यसूत्रात ल्यूथरपंथीयांनी श्रद्धावंतांनाही नियमशास्त्राचा उपदेश आवश्यक ठरविला. सारांश, त्यांनी मानलेली मुक्ती ही नियमाच्या शापापासून होती, नियमापासून नव्हे.