गांजाच्या मळ्यांतील पारखी

नौगांव हें गांव आज बांगला देशांत आहे. इंग्रजी अमदानींत तें बंगालच्या राजशाही जिल्ह्यांत मोडत असे, आणि अबकारी खात्याच्या दप्तरांत त्याला मोठा मान होता. बंगालमध्यें सरकारी परवान्यानें होणारी गांजाची लागवड नौगांवच्या आसपासच्या लहानशा टापूंतच कोंडून ठेवलेली होती. या टापूला ‘गांजा महाल’ म्हणत.

या पिकाची कथा खरोखर एका माणसाच्या नजरेची कथा आहे. गांजाच्या झाडांत नर निराळा व मादी निराळी. नराच्या फुलांतील पराग वाऱ्यावर उडतो आणि मादीच्या फुलावर पडला कीं तेथें बी धरतें. बी धरलें म्हणजे फुलोऱ्यांतील चिकट राळ कमी होते, आणि ज्या मालासाठीं वर्षभर राबावयाचें तोच कवडीमोल होतो. म्हणून पराग सुटण्यापूर्वीं नर ओळखून तो शेतांतून काढलाच पाहिजे. पण कळी उमलण्याच्या आधीं दोन्ही झाडें सामान्य माणसाला सारखींच दिसतात.

हें ओळखण्याचें काम ‘पोद्दार’ करी. पोद्दार म्हणजे मूळचा नाणें पारखणारा. खरें-खोटें नाणें निवडणाऱ्याचें नांव नर-मादी निवडणाऱ्याला मिळावें, यांत बंगाली शेतकऱ्याची मार्मिकता दिसते. इंग्रज अधिकारी मात्र त्याला ‘गांजाचा डॉक्टर’ म्हणत.

श्रावण-भाद्रपदांत उंच जागीं रोपें तयार करून पुढें तीं वरंब्यांवर लावीत. शेण व पेंड यांचें खत भरपूर लागे. हिंवाळ्याच्या तोंडाशीं खालच्या फांद्या छाटून बुंध्याला माती लावीत. आणि मग पोद्दाराला बोलावणें जाई. तो ओळीओळींतून फिरून नर झाडें मोडीत किंवा कापीत पुढें जाई व मागून शेतकरी तीं उपटून टाकी. एवढ्यानेंहि निश्चिंती नसे. नजरेंतून सुटलेला एखादा नर मागाहून फुले; कधीं मादीच्याच फांदीवर नराचीं फुलें येत. म्हणून माघापर्यंत शेतकऱ्याला शेतांत पुनःपुन्हां हिंडावें लागे. शिवाय वारा कांहीं बांध ओळखीत नाहीं. शेजाऱ्याची हयगय आपल्या शेताला भोंवे. एका नरापायीं अनेकांचें वर्ष बुडे.

या शेतकऱ्यांना लिनीअसचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्या स्वीडिश पंडितानें १७६० च्या निबंधांत वनस्पतींमधील लिंगभेद सिद्ध करण्यासाठीं हाच प्रयोग वर्णिला आहे. भांगेचीं रोपें दोन कुंड्यांत लावून त्या दूरदूरच्या खोल्यांत ठेवल्या. एकींतील सर्व नर काढले, आणि त्या कुंडींत बी धरलें नाहीं. यूरोपांत ज्याचा निबंध झाला, तेंच नौगांवच्या शेतांत पोटापाण्याचें काम होतें.

याची नोंद झाली ती सरकारच्या गरजेनें. १८७७ सालीं हेमचंद्र कर या डेप्युटी कलेक्टरांचा अहवाल आला. १८९३ सालीं वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांचा. त्याच वर्षीं पार्लमेंटांत प्रश्न निघाला व मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें. त्यानें ११९३ साक्षी घेतल्या. तीन सभासद हिंदी होते. सर्वस्वीं बंदी करणें आवश्यक नाहीं व इष्टहि नाहीं, असा १८९४ सालचा निष्कर्ष. सरकारला मिळणारा महसूल लक्षांत घेतां कांहींना तो सोईचा वाटला असल्यास नवल नाहीं. तथापि साक्षींचा डोंगर पाहतां कमिशनला आळशी मात्र म्हणतां येणार नाहीं.

महाराष्ट्राचा संबंधहि येथें येतो. मुंबई इलाख्यांत या पिकाचें मुख्य ठिकाण अहमदनगर जिल्हा. मध्यप्रांतांत खांडव्याची बाजू. तेथें पोद्दार नसे. नर काढण्याचें काम शेतकरी स्वतःच करीत. नौगांवला मात्र पारख हा स्वतंत्र धंदा बनला. कापणीनंतर तेथें फुलोरा पायांनीं तुडवून ‘चपटा’ किंवा वळून ‘गोल’ माल करीत. उरलेला मोडका तो ‘चूर’.

१९१७ सालीं नौगांवच्या उत्पादकांनीं सहकारी संस्था काढली. १९४७ च्या फाळणीनें तो मुलूख पूर्व पाकिस्तानांत गेला, आणि पुढें बांगला देश झाल्यावर १९८० नंतरच्या दशकांत ही लागवड बंद झाली. हिंदुस्थानांत १९८५ च्या कायद्यानें गांजावर बंदी आली. त्या कायद्यांत गांजाची व्याख्या फुलोऱ्यावरून, म्हणजे फुललेल्या वा फळलेल्या शेंड्यांवरून केली आहे. पान व बी हीं शेंड्यांसोबत नसतील, तर तीं त्या व्याख्येंत येत नाहींत.