दाणे ‘बाधले’ म्हणजे नेमके काय? ॲलर्जी वेगळी, बुरशी वेगळी

मे महिन्याच्या अखेरीस कोकणातून परतणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशव्यांत आंबे आणि कोकमाबरोबर काजूगरही असतात. शिवडी, लालबाग, परळच्या घरांत ते डब्यात भरून फळीवर जातात. शेजारच्या डब्यात वाण्याकडून आणलेले शेंगदाणे असतात. पंधरवड्यात पाऊस सुरू होतो. मग आषाढी एकादशी येते, श्रावणी सोमवार येतात, चतुर्थ्या येतात. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी होते. म्हणजे दाण्याचे कूट भरपूर लागते त्याच महिन्यांत मुंबईची हवा सर्वांत दमट असते.

अशा दिवसांत कुणाला दाणे खाऊन त्रास झाला की घरात एकच वाक्य ऐकू येते : ‘दाणे बाधले.’ या एका शब्दामागे दोन अगदी वेगळे धोके लपलेले असतात. एक ॲलर्जी, दुसरा बुरशीचे विष. ॲलर्जीत दोष दाण्याचा नसतो, ताजा आणि स्वच्छ दाणाही त्या व्यक्तीला धोकादायक असतो. बुरशीत दोष दाण्याचाच असतो, तो कुणालाही अपायकारक ठरतो. एकाची खबरदारी दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. एक गोष्ट मात्र दोन्हींना लागू आहे : दाणे भाजल्याने यांपैकी कोणताही धोका जात नाही.

ॲलर्जी म्हणजे काय?

शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. काही जणांच्या शरीरात ती शेंगदाण्यातील प्रथिनांनाच शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या वेळी दाणा पोटात गेला की ही प्रतिपिंडे पेशींना इशारा देतात. पेशींमधून हिस्टामिन आणि इतर रसायने एकदम बाहेर पडतात. अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते किंवा श्वास अडतो. बहुतेक वेळा हे काही मिनिटांत ते दोन तासांत घडते.

वनस्पतिशास्त्रानुसार शेंगदाणा हा हरभरा-वाटाण्याच्या कुळातला, जमिनीखाली शेंगा धरणारा. काजू, बदाम, अक्रोड, पिस्ता झाडावर येतात. त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला काजू-बदामाची असतेच असे नाही. पण काहींना दोन्हींची असते. काजू आणि पिस्ता मात्र एकाच कुळातले आहेत. काजूची ॲलर्जी असलेल्यांना पिस्त्याचाही त्रास होण्याची शक्यता बरीच असते.

ओले काजू सोलताना हात काळे पडतात, कातडी सोलवटते. ते काजूच्या टरफलातील दाहक चिकामुळे होते. बिब्बा काजूच्याच कुळातला आहे आणि तोही असाच उततो. हा त्वचेचा त्रास आहे. त्यावरून काजूगर खाण्याची ॲलर्जी आहे असे ठरत नाही.

दाणे भाजल्यावर ॲलर्जी कमी होते, हा समज चुकीचा आहे. शेंगदाण्यातील महत्त्वाची प्रथिने उष्णतेला टिकतात. उकडलेल्या शेंगांच्या तुलनेत कोरडे भाजलेले दाणे आयजीई प्रतिपिंडांना अधिक घट्ट चिकटतात, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. तेलाचेही तसेच आहे. पूर्ण शुद्धीकरण केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने जवळपास उरत नाहीत. लाकडी घाण्याच्या तेलात ती राहू शकतात.

‘पित्त उठले’ म्हणून थांबायचे कधी आणि धावायचे कधी?

अंगावर गांधी उठल्या की घरोघरी आमसुलाचे पाणी लावतात. त्याने खाज थोडी शमल्यासारखी वाटते. पण त्वचेबरोबर आणखी काही बिघडत असेल तर आमसुलावर वेळ घालवणे जिवावर बेतू शकते. पुढील लक्षणे धोक्याची आहेत :

• श्वास घेताना घरघर, सतत खोकला, आवाज घोगरा होणे
• घसा आवळल्यासारखा वाटणे, जीभ सुजणे
• चक्कर, घाम, चेहरा पांढरा पडणे, बेशुद्धी
• गांधींबरोबरच वारंवार उलट्या किंवा पोटात तीव्र कळा
• लहान मूल अचानक मलूल पडणे

या तीव्र अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये तिचे वर्णन केले आणि त्या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. यावरचे पहिले औषध आजही एकच आहे : ॲड्रेनलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत. ॲलर्जीची गोळी गांधी आणि खाज कमी करते. ती घसरणारा रक्तदाब सावरत नाही आणि बंद होणारा घसा उघडत नाही.

अशा वेळी १०८ किंवा ११२ ला फोन करावा. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंचावर ठेवावेत. दम लागत असेल तर बसवावे, पण उभे करू नये, चालवत नेऊ नये. शिवडीतून सर्वांत जवळची मोठी रुग्णालये परळला आहेत : केईएम, आणि मुलांसाठी वाडिया. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर टॅक्सी करावी. वाटेतल्या दवाखान्यात ॲड्रेनलिन मिळाले तर ते आधी घ्यावे. बरे वाटू लागले तरी काही तास रुग्णालयातच थांबणे गरजेचे असते, कारण काही जणांत त्रास पुन्हा उलटतो.

एकदा असा प्रसंग घडला की ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यावी. नुसती रक्तचाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे ॲलर्जी सिद्ध झाली, असे नाही. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, ही हकीकत चाचणीइतकीच महत्त्वाची असते.

बुरशीत विष कुठून येते?

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मरण पावले. कारण कळेना म्हणून त्या रोगाला ‘टर्की एक्स’ म्हटले गेले. शोध घेतल्यावर धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी पोहोचला. पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने तयार केलेले विष होते. बुरशीच्या नावातील अक्षरे जोडून त्याला ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव पडले.

भारताला या विषाचा सर्वांत मोठा फटका १९७४ मध्ये बसला. गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत आदिवासी गावांमध्ये काविळीची साथ पसरली. पोटात पाणी होऊन माणसे दगावू लागली. त्याच घरांतील कुत्रीही आजारी पडली. कारण निघाले पावसात भिजलेला, बुरशी चढलेला मका. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जणांचा मृत्यू झाला. तिथे शेंगदाण्याऐवजी मका होता, पण बुरशी तीच आणि विषही तेच.

शहरातल्या घरात अशी तीव्र विषबाधा क्वचित होते. इथला धोका हळू आहे : वर्षानुवर्षे थोडे थोडे विष यकृतात जात राहणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. हिपॅटायटिस बी असलेल्यांना हा धोका कितीतरी वाढतो. शांघायमधील पुरुषांच्या एका अभ्यासात केवळ अफ्लाटॉक्सिन पोटात गेलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट दिसला. अफ्लाटॉक्सिन आणि हिपॅटायटिस बी दोन्ही असलेल्यांना तो सुमारे ६० पट होता. म्हणून बाळाला जन्मल्यावर दिली जाणारी हिपॅटायटिस बीची लसही या साखळीतला एक बचाव आहे.

भाजले, धुतले, निवडले तर?

अफ्लाटॉक्सिनचा सर्वांत घातक प्रकार, बी१, सुमारे २६८ अंश सेल्सिअसला वितळतो. कढईत भाजताना दाण्याच्या आतले तापमान तिथपर्यंत जात नाही. गेले तर दाणा कोळसा होईल. भाजल्याने विष काही प्रमाणात घटते, नाहीसे होत नाही. बुरशी मात्र मरते आणि दिसेनाशी होते, त्यामुळे भाजलेला दाणा उलट फसवतो. धुऊन वाळवल्यानेही वरची पूड जाते, आत मुरलेले विष राहते.

निवडण्याचा खरा फायदा आहे. विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते, बहुतांश थोड्याच दाण्यांत साठलेले असते. सुरकुतलेले, काळपट, किडके, फुटलेले आणि कोंबापाशी पिवळट-हिरवी पूड असलेले दाणे भाजण्यापूर्वी काढून टाकले की धोका बराच घटतो. म्हणूनच तयार कूट विकत घेण्यापेक्षा अख्खे दाणे घेणे बरे. कुटात कोणता दाणा होता, हे कुणालाच दिसत नाही.

खवटपणा ही तिसरीच गोष्ट. दाण्यातील तेलाचा हवेशी संयोग होऊन तो येतो. खवट दाण्यात अफ्लाटॉक्सिन असेलच असे नाही. उलट अफ्लाटॉक्सिनला स्वतःची चव किंवा वास नाही, त्यामुळे चांगला लागणारा दाणा निर्धोक असेलच असेही नाही. तरी तोंडात कडू किंवा कुबट दाणा आला तर तो गिळू नये, थुंकावा.

डब्यात बुरशीचा पुंजका दिसला तर तेवढाच भाग काढून बाकीचे वापरू नये. सगळेच टाकावे. त्याचा वास घेऊन पाहू नये. दमा असलेल्यांना बुरशीची पूड श्वासात गेल्यानेही त्रास होतो. खराब दाणे गाई-म्हशींनाही घालू नयेत. जनावराच्या पोटात गेलेले अफ्लाटॉक्सिन रूप बदलून दुधात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त आढळले.

दमट घरात दाणे कसे ठेवावेत?

शेंगदाण्यात ओलावा ७ ते ८ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर बुरशी धरत नाही. पण दाणा हवेतले पाणी ओढतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि तापमान २५ ते ३० अंश, म्हणजे या बुरशीला मानवणारे. शिवडीच्या एका बाजूला खाडी आणि खाजण, चाळींच्या भिंतींना पावसाळ्यात ओल. इथे उघडी पिशवी काही आठवड्यांतच ओलावते.

• पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच दाणे आणावेत. गावाहून आलेले काजूगर जास्त असतील तर छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात.
• मे महिन्यातच दाणे कडक उन्हात वाळवावेत. पावसात ऊन नसेल तर मंद आचेवर कोरडे भाजावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत. गरम दाणे भरले तर झाकणाला पाणी सुटते.
• घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा वापरावा. तो ओल असलेल्या भिंतीला टेकवू नये, गॅस किंवा मोरीजवळ ठेवू नये.
• कूट आठवड्यापुरतेच करावे आणि फ्रीजमध्ये ठेवावे. ओला चमचा घालू नये.
• फ्रीजमधला डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. तो खोलीइतका झाला की उघडावा. नाहीतर गार दाण्यांवर दव धरते.
• जुन्या दाण्यांवर नवे ओतू नयेत. आधीचे संपवून, डबा धुऊन-वाळवून मगच भरावा.

पाकिटावर काय पाहायचे?

भारतात खाण्यास तयार दाण्या-सुकामेव्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम, तर पुढे प्रक्रिया होणाऱ्या मालात १५ मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय संघात थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी ती ४ आहे. ही तपासणी प्रयोगशाळेतच होते, डोळ्यांनी नाही. म्हणून सुट्या मालापेक्षा परवाना क्रमांक आणि ताजी तारीख असलेले पाकीट पावसाळ्यात बरे.

ॲलर्जी असलेल्यांसाठी २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकिटावर शेंगदाणे, इतर कवचफळे, सोया, दूध अशा घटकांचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. भेळ, चिवडा, चटणी, मिठाई, प्रसाद यांवर मात्र लेबल नसते. चाळीतल्या गणपतीत खिरापत वाटणाऱ्याला ‘यात काय घातले आहे?’ हे विचारणे आगाऊपणा नाही. शाळेत डबा वाटून खाणाऱ्या मुलाच्या बाईंना आणि मित्रांच्या आयांना आधीच सांगून ठेवावे.

बाळाला दाणे कधी द्यावेत?

ॲलर्जीच्या भीतीने बाळाला दाण्यापासून लांब ठेवण्याचा सल्ला पूर्वी दिला जाई. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तो उलटवला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी अर्ध्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला. पाच वर्षांच्या वयात त्यांच्यात ॲलर्जीचे प्रमाण ३.२ टक्के होते. दाणे टाळलेल्या मुलांत ते १७.२ टक्के होते.

वरचे अन्न सुरू झाल्यावर मऊ भातात किंवा खिमटीत अगदी बारीक कूट घालता येते. तीव्र इसब असलेल्या बाळाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. आणि बाळासाठीचे कूट घरातल्या सर्वांत ताज्या, हाताने निवडलेल्या दाण्यांचेच असावे. वाढत्या यकृताला बुरशीचे विष सर्वांत आधी झेपेनासे होते.