व्यसनाला आजार म्हणणारी बाई

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईनं कर्ज मागितलं. रजिस्टरात कारण लिहिलं, 'बी-बियाणं'. नंतर कळलं, ते पैसे नवऱ्याची दारू सोडवायच्या पुडीला गेले. पुडी भाजीत कालवून, त्याला न सांगता द्यायची होती. अशा पुडीत कधी कधी डायसल्फिराम नावाचं औषध असतं. ते पोटात असताना माणूस दारू प्याला तर धडधड, उलट्या होतात, जिवावरही बेततं. डॉक्टर हे औषध देतात, पण माणसाला सांगून आणि तपासून. म्हणून आज एक जुनी गोष्ट सांगते.

१९८०च्या दशकात पुण्यात गर्द आली. ब्राऊन शुगर म्हणतात तीच. कॉलेजातली चांगल्या घरची पोरं तिच्या नादी लागली. १९८५ साली सरकारनं अमली पदार्थांचा कडक कायदा केला, पण पोराला घेऊन जायचं कुठं, हे आईला कुणी सांगत नव्हतं. डॉ. अनिल अवचटांनी या पोरांवर लेख लिहिले. ते पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचले आणि केंद्र काढायला पैसे देऊ केले. लिहिणारे अवचट, पैसे पु.लं.चे, ही बाजू सगळ्यांना ठाऊक असते. पण ते चालवलं कुणी? अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी तिथल्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. सगळे त्यांना मॅडम म्हणत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. हा आजार आहे, माणूस वाईट नाही. आधी औषधानं अंगातलं विष उतरवायचं. रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे. मग समुपदेशन, योगासनं, गाणी, कामं, गटात बसून बोलणं. मुक्काम पस्तीस दिवसांचा. बरे झालेलेच पुढं तिथं कार्यकर्ते झाले.

गटात बसून बोलायची रीत अमेरिकेतली. १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरलं, त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस निघालं. १९५१ साली लोइस विल्सन पुढं झाल्या आणि घरच्या माणसांचा वेगळा गट उभा राहिला. मुक्तांगणातही बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. मला तर ही आपल्या बचत गटाचीच बहीण वाटते. फक्त तिथं पैसे नाही, दुःख जमा करतात.

मॅडम १९९७ साली कर्करोगानं गेल्या. काम लेकीनं, मुक्ता पुणतांबेकरांनी पुढं नेलं. २००९ साली व्यसनी बायकांसाठी 'निशिगंध' सुरू झालं. हसू नका, तंबाखूची मिसरी आपल्यातल्या किती जणी लावतात?

पुणं परभणीहून लांब आहे, मान्य. पण १४४४६ हा सरकारी फोन फुकट आहे, जवळचं केंद्र तिथं विचारता येतं. सरकारी दवाखान्यातही मानसोपचाराच्या डॉक्टरांबद्दल विचारा. बरा झालेला माणूस पुन्हा घसरला तर परत न्या. बीपीची गोळी चुकली म्हणून आपण दवाखाना सोडतो का?

त्या ताईचं कर्ज अजून फिटायचं आहे. येत्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे, कर्जाच्या कारणात 'व्यसनाचा उपचार' असं उघड लिहिता यावं.