पेनड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टिमची स्थापना
पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून त्याच्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याची पद्धत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची, डेबियनवर आधारलेली आणि मराठीतही चालणारी बॉस लिनक्स (२००७) अशीच बसवता येते. त्यासाठी सिस्टिमची आयएसओ फाइल (संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रूफससारख्या साधनाने ती उतरवावी लागते आणि त्यात पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते. मग संगणक चालू होताच बूट मेनू उघडून (कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप) पेनड्राइव्ह निवडतात. पुढचे बहुतेक काम आपोआप होते. खरी जोखीम पार्टिशन (डिस्कचा विभाग) निवडताना. तेथे भलतेच पार्टिशन फॉरमॅट झाले, की त्यातले हिशेब आणि फोटो सहसा गेलेच. म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत आधीच दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी.