हृदयातील तार आणि तिचे आवरण

मानवी देह परक्या वस्तूस सहजासहजी आश्रय देत नाही. रुतलेला काटा तो पू धरून बाहेर टाकू पाहतो. जे बाहेर टाकणे जमत नाही, त्याच्याभोवती तो भिंत बांधतो. विसाव्या शतकात वैद्यकाने जिवंत हृदयात तार सोडली, तेव्हा त्याची गाठ देहाच्या याच पुरातन स्वभावाशी पडली.

या साहसाची नांदी 1929 साली जर्मनीतील एबर्सवाल्डे या गावी झाली. वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने आपल्याच हाताच्या शिरेतून एक लवचिक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत सरकवली आणि क्ष-किरणांनी तिचे छायाचित्र घेतले. 1956 मध्ये त्यास दोन सहकाऱ्यांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयात नळी शिरली तरी माणूस जगतो, हे त्याने सिद्ध केले होते. पण ती नळी काही काळापुरती होती. वर्षानुवर्षे आत राहणाऱ्या तारेचे काय होईल, हा प्रश्न अजून उपस्थितच झाला नव्हता.

तो पुढच्या पिढीने उपस्थित केला. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये शल्यविशारद ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या रुग्णाच्या देहात, रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनविलेला पेसमेकर बसविला. पहिले यंत्र काही तासच चालले. त्याच्या तारा छाती उघडून हृदयाच्या बाहेरील पृष्ठभागास शिवलेल्या होत्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सेमूर फर्मन यांनी छाती न उघडता, शिरेच्या वाटेने तार हृदयाच्या आत नेली. पुढे हीच वाट राजमार्ग ठरली. मात्र त्यामुळे तारेला वाहत्या रक्तात आणि हृदयाच्या झडपेतून कायमचा मुक्काम करावा लागला.

रक्त जेथे रेंगाळते, जेथे शिरेच्या अस्तरास इजा होते, अथवा जेथे ते स्वतःच गोठण्यास उद्युक्त होते, तेथे गुठळी धरते, हे सूत्र आज जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ विर्शो यांच्या नावाने ओळखले जाते. तारेवर त्याचाच प्रत्यय येतो. आरंभी रक्तबिंबिका आणि फायब्रिनचे तंतू तिच्यावर जमतात. मग त्या गुठळीत पेशी शिरतात, कोलॅजेनचे धागे विणतात आणि मऊ थराचे चिवट तंतुमय म्यान होते. कित्येकदा त्यावर शिरेच्या अस्तरासारखा गुळगुळीत थर चढतो. काही वर्षांनी चुनाही साचतो. शिरेची भिंत, झडप आणि हृदयाचा स्नायू जेथे तारेस स्पर्श करतात, तेथे हे म्यान तिला जखडून टाकते. तारेचे टोक जागच्या जागी घट्ट राहते ते याच गुणामुळे.

1953 साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर आणि हेल्मुट हेर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदयाचे दर्शन घडविण्याचा आरंभ केला. हे तंत्र प्रगल्भ झाल्यावर तारेवर डुलणारे गोळे डॉक्टरांस दिसू लागले. गोळा दिसला, पण तो कशाचा? ती ताजी गुठळी असू शकते, निरुपद्रवी तंतुमय पदर असू शकतो, किंवा जंतूंनी वसविलेली वसाहतही असू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली हा भेद उलगडतो. जुन्या पदरात कोलॅजेन अधिक आणि पेशी विरळ आढळतात. जंतुदूषित गोळ्यात फायब्रिन, पांढऱ्या पेशी व जंतूंचे पुंजके एकत्र नांदतात. परंतु बाहेरून पाहताना ही तिन्ही रूपे कित्येकदा एकसारखीच दिसतात. म्हणून ताप, रक्तातील जंतूंची तपासणी आणि चित्र यांची सांगड घालूनच निदान करावे लागते.

या निदानावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. जंतूंचा गोळा निरुपद्रवी मानला, तर केवळ औषधाने तो क्वचितच हटतो. तारेसह सारे यंत्र काढावे लागते. निरुपद्रवी पदराला जंतू समजून जुनी तार ओढली, तर तिला चिकटलेली शीर अथवा हृदयाची भिंत फाटू शकते. आरंभीच्या काळी तारेस वजने टांगून ती सैल केली जाई. 1997 साली अमेरिकेत लेसर किरणांनी म्यान सोडविणाऱ्या साधनास मान्यता मिळाली. 2016 मध्ये तेथेच तारेविना चालणारा, हृदयातच बसविला जाणारा चिमुकला पेसमेकरही मान्य झाला. कालांतराने त्याच्याभोवतीही देह आपले आवरण विणतोच.

आर्ने लार्सन यांच्या देहात पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलली गेली. सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्याही मागे ते जगले, आणि 2001 साली 86 व्या वर्षी निवर्तले. मृत्यूचे कारण हृदय नव्हते, कर्करोग होता.